काही झालेलं नसताना

नवऱ्याचं बाहेर प्रकरण असतं तर मी एका दिवसात निस्तरलं असतं. त्यात काय करायचं असतं ते सगळ्या बायकांना ठाऊक असतं. आधी रडायचं, मग भांडायचं, मग त्याच्या बहिणीला फोन लावायचा. पण आमच्या ज्ञानदीपजींनी प्रकरण केलं नाही. ते दर गुरुवारी विजय नगरला एका बाईकडे बोलायला जायला लागले. घरी सांगून, स्कूटरवर बसून, माझ्यादेखत. नुसतं बोलायला! लग्न झाल्यापासून जो माणूस माझ्याशी सलग चार वाक्यं बोललेला मला आठवत नाही, तो माणूस एका परक्या बाईसमोर तासभर बोलतो, या विचाराने माझा किती जळफळाट व्हायचा ते सांगून समजणार नाही. तरी सांगते.

ज्ञानदीप वीज कंपनीत सुपरवायझर आहेत आणि येत्या जानेवारीत रिटायर होणार आहेत. आम्ही राजेंद्र नगरात राहतो. एकुलती एक मुलगी मानसी नोकरीमुळे विजय नगरला मैत्रिणींबरोबर फ्लॅट घेऊन राहते. तर एका सकाळी चहा पिता पिता हे म्हणाले, "गुरुवारी कौन्सेलरकडे अपॉइंटमेंट घेतलीय."

"कोणाची?"

"माझी."

"तुम्हाला काय झालंय?"

"काही नाही."

"मग?"

"काही होऊ नये म्हणून."

मी हसले. पाय मोडला नसताना प्लास्टर घालून घ्यायला कोणी जातं का, असं विचारलं. त्यावर त्यांनी कप खाली ठेवला आणि म्हणाले, "बारिशच्या आधी आम्ही लाईनवर आलेल्या फांद्या छाटतो की नाही? पब्लिक शिव्या देते, की चांगली लाईट चालू होती, बंद कशाला केली. मग आंधी येते आणि तार तुटत नाही. रिटायरमेंटच्या आधी मला पण तसंच करून घ्यायचंय."

हे त्यांच्या मानाने भाषण झालं. मला संशय आला. "हे कोणी शिकवलं तुम्हाला?"

"फांद्यांचं माझंच आहे. नंबर मानसीने दिला."

म्हणजे मुलीला माहीत होतं आणि मला नव्हतं. पहिली ठिणगी तिथे पडली.

गुरुवारी मी साडी नेसून, त्यांच्या जुन्या रिपोर्टांची पिशवी घेऊन तयार बसले. का नाही बसणार? दाताचा डॉक्टर असो, डोळ्यांचा असो, बीपीचा असो, मी बरोबर असतेच. डॉक्टर यांना विचारतात, "कहाँ दर्द है?" आणि मी सांगते. यांच्या दाढेतली कळ कुठून निघून कुठे जाते ते मला यांच्याहून चांगलं ठाऊक. लग्नात, बारशात, कोणी विचारलं की भाईसाहेब कसे आहेत, तर उत्तर मीच देते. सासूबाईंनीच ही जबाबदारी माझ्यावर टाकली होती. गयाबाई त्यांचं नाव. नवी नवरी होऊन मी महूला आले तेव्हा त्या म्हणाल्या होत्या, "पोरी, हा बापावर गेलाय. याचं तुलाच बोलावं लागंल." सासरे आनंदराव फौजेतून रिटायर होऊन घरी बसलेले. शांत माणूस. त्यांना चहा हवा की नको, ऊन लागतंय की थंडी वाजतेय, सगळं सासूबाई सांगायच्या. त्यांचं बघूनच मी शिकले.

विजय नगरच्या त्या ऑफिसात आम्ही पोचलो आणि त्या कौन्सेलर, शैलजा मॅडम, बाहेर आल्या. मी काय काय कल्पना केली होती! प्रत्यक्षात चाळिशीची, सुती कुर्ता घातलेली, सर्दीने नाक लाल झालेली बाई. मला बरं वाटलं. मी लगेच सुरुवात केली, "मॅडम, इनका ऐसा है कि ये ज़्यादा बोलते नहीं। मैं आपको शुरू से बताती हूँ—"

त्या हसल्या. छान हसल्या, तेच वाईट. म्हणाल्या, "आंटी, आप यहाँ बाहर बैठेंगी?"

आंटी! मला! माझ्याहून फार तर पंधरा वर्षांनी लहान असेल. मी यांच्याकडे बघितलं, की हे म्हणतील, नाही, तिलाही आत येऊ द्या. हे खाली मान घालून आत गेले. दार लागलं. आपटलं असतं तर भांडता तरी आलं असतं, पण ते अगदी हलकेच लागलं. आमच्या दोघांच्या मध्ये असं दार याआधी कधी आलं नव्हतं, आणि मी त्याच्या बाहेरच्या बाजूला होते.

मी कान लावून बसले. एसीच्या घरघरीशिवाय काही ऐकू येईना. बराच वेळ नुसती शांतता. मी मनात म्हटलं, बस आता, माझ्याशिवाय याच्या तोंडातून एक अक्षर निघायचं नाही, आता बोलावतील मला. पिशवीतून रिपोर्ट काढून मांडीवर घेतले. तेवढ्यात आतून हसणं ऐकू आलं. बाईचं नव्हे. यांचं. मोठ्याने, मोकळं हसणं. मी रिपोर्ट परत पिशवीत घातले.

घरी येताना मी विचारलं, "काय विचारलं त्यांनी?"

"असंच."

"तुम्ही काय सांगितलं?"

"असंच."

तिला तासभर आणि मला 'असंच'.

मग दर गुरुवार असाच जायला लागला. हे इस्त्रीचा शर्ट घालायचे, केस विंचरायचे आणि निघायचे. मी खिडकीत उभी. शेजारच्या सुलोचनाने एकदा विचारलंच, "भाभी, भाईसाब हर गुरुवार कुठे जातात? सब ठीक तो है ना?" मी म्हटलं, ऑफिसचं काम असतं तिकडे. खरं सांगितलं असतं तर संध्याकाळपर्यंत अख्ख्या कॉलनीत झालं असतं की ज्ञानदीपजींच्या डोक्यात फरक पडलाय. आणि खरं म्हणजे तसं असतं तर मला सोपं गेलं असतं. आजाऱ्याची सेवा मला करता येते. पण या माणसाला काही झालेलंच नव्हतं. जेवत होता, झोपत होता, ड्युटीवर जात होता. मग तिच्याजवळ असं काय बोलायचं होतं, जे माझ्याजवळ बोलता येत नव्हतं?

मी मानसीला फोन लावला. म्हटलं, तूच लावून दिलंस हे, तूच आता बंद कर.

"मम्मी, तू खामखा टेन्शन घेतेय. पप्पा बीमार थोडीच आहेत. मी पण जाते ना."

"तू? तुला काय झालंय?"

"अगं, तेच तर! कुछ होईपर्यंत वेट कशाला करायची? दात दुखायच्या आधी आपण ब्रश करतो ना?"

"मग आई कशाला असते?"

तिने तिकडे कोणाला तरी 'एक मिनिट' म्हटलं. मग म्हणाली, "मम्मी, तू ऐकून नाही घेत. तू सोल्यूशन देते." आणि तिची मीटिंग होती म्हणून तिने फोन ठेवला. म्हणजे घरातली दोन्ही माणसं बाहेर जाऊन मन मोकळं करून येत होती आणि मी घरात कढी ढवळत होते. त्या दिवशी कढी फाटली.

पण खरा भडका उडाला तो एका रविवारी. रविवारी सकाळी आम्ही कोपऱ्यावर पोहे खातो आणि मग विहारात वंदनेला जातो. पोहेवाल्याला मी नेहमीसारखं सांगितलं, "भिया, दो प्लेट। इनके में जीरावन मत डालना।" यांच्या पोटाला तो वरून भुरभुरायचा मसाला सोसत नाही, हे सगळ्या दुकानाला पाठ. तर हे मागून म्हणाले, "डालो भिया, थोड़ा ज़्यादा डालो।"

मी वळून बघितलं. "तुम्हाला नाही सोसत."

"सोसतं. मला आवडतं."

"मग इतकी वर्षं का नाही बोललात?"

त्यांनी खांदे उडवले आणि जीरावन घातलेले पोहे मजेत खाल्ले. मी माझी प्लेट अर्धी तशीच ठेवली. कारण मला माहीत होतं हे कोणाचं काम आहे. मी एवढी वर्षं जपलेलं पोट त्या बाईने एका महिन्यात बिघडवलं होतं.

विहारात वंदना झाली, बाहेर चहा घेत सगळे उभे होते. अप्पासाहेब म्हणून आमच्या विहाराचे ज्येष्ठ आहेत, बँकेतून रिटायर झालेले. ते म्हणाले, "काय ज्ञानदीप, आता जानेवारीनंतर मज्जाच मज्जा!"

मी म्हटलं, "हो ना, यांचं तर सगळं प्लॅनिंग—"

"मज्जा कसली, अप्पासाहेब," हे म्हणाले. "थोडी भीती वाटतेय."

सगळे थांबले. मला तर जमीन दुभंगून पोटात घेईल तर बरं असं झालं. वीज कंपनीतला माणूस, खांबावर चढून आयुष्य काढलेला, चारचौघांत सांगतो की भीती वाटते! पण अप्पासाहेबांनी कप बाजूला ठेवला आणि यांच्या खांद्यावर हात ठेवला. म्हणाले, "मलाही वाटली होती रे. कोणाला बोललो नाही. बोलायला पाहिजे होतं." मग ते दोघं पिंपळाच्या पाराकडे गेले आणि तिथे बसून कितीतरी वेळ बोलत राहिले. मी चहाचा रिकामा कप धरून उभी होते. माझ्या नवऱ्याला भीती वाटते, ही बातमी मला बाकीच्या पब्लिकबरोबर कळली होती. हे ज्याला त्याला सांगत सुटले होते, आणि सगळ्यांच्या आधी त्या बाईला. तिला तर ती भीती कसली, तिचा रंग काय, सगळं ठाऊक असणार. मला इतकं जळायला झालं की घरी येईपर्यंत मी एक शब्द बोलले नाही. आणि यांच्या ते लक्षातसुद्धा आलं नाही, किंवा आलं असेल आणि बरं वाटलं असेल.

दुसऱ्या दिवशी मी फोन करून त्या बाईची वेळ घेतली. नाव सांगितलं सुलोचना. सिटी बसने विजय नगरला गेले, चेहरा पुसला आणि आत गेले. या वेळी दाराच्या आत.

शैलजा मॅडमनी मला बघितलं आणि लगेच ओळखलं. "अरे, आप तो ज्ञानदीपजी के साथ आई थीं ना?"

चोरी पकडली गेली म्हटल्यावर मग लपवायचं काय! मी खुर्चीत बसून घेतलं. "मराठी येतं ना तुम्हाला?"

"येतं की. माहेर देवासचं माझं."

"मग ऐका. मी त्यांची बायको आहे, पंचशीला. ते इथे तासभर काय बोलतात ते मला कळलं पाहिजे. माझ्या तक्रारी करतात का?"

"ते मी नाही सांगू शकत. कोणालाच नाही. तुम्ही आज आलात, हेही मी त्यांना सांगणार नाही."

"मी परकी आहे का?"

"नाही. म्हणूनच तुम्ही त्यांना विचारू शकता. मला तर तेवढाही हक्क नाही, ते जेवढं सांगतील तेवढंच."

"अहो, ते बोलतच नाहीत!"

त्या काही म्हणाल्या नाहीत. नुसत्या बघत राहिल्या. मला अशी शांतता सहन होत नाही. मी बोलायला लागले. यांचे गुडघे, यांची झोप, यांना वांगं चालत नाही ते, ऑफिसात यांना प्रमोशन उशिरा मिळालं ते, सगळं सगळं सांगितलं. दमले तेव्हा थांबले. मग त्या शांतपणे म्हणाल्या की एकाच घरातल्या दोघांना त्या वेगवेगळं भेटत नाहीत, पण मला यायचं असेल तर त्यांची एक सहकारी आहे, तिचा नंबर देतील.

"मला कशाला? मला काय झालंय?"

"काही झालेलं नसलं तरी लोक येतात. उलट तेव्हाच जरा सोपं जातं."

मी पर्स उचलली आणि उठले. नंबर घेतला नाही. जाताना त्यांना म्हटलं की मी माझं घर चांगलं ओळखते, मला कोणाच्या नंबराची गरज नाही. त्या शिंकल्या आणि सॉरी म्हणाल्या.

घरी आले तर हे ड्युटीवरून येऊन मागच्या अंगणात मिक्सर उघडून बसले होते. संध्याकाळचं ऊन होतं. मी चप्पलही काढली नाही.

"मी तुमच्या मॅडमकडे गेले होते."

त्यांनी पेचकस खाली ठेवला. मला वाटलं चिडतील. मला चिडायलाच हवे होते ते.

"मग?" ते म्हणाले.

"काही सांगत नाही बया. आता तुम्हीच सांगा. माझ्याबद्दल काय सांगता तिथे?"

"तुझ्याबद्दल... म्हणजे मला असं..."

"की मी बोलू देत नाही, हेच ना? की ही सारखी मधे मधे करते, की हिच्यामुळे जीरावन खायला मिळालं नाही! सांगा ना, मला काय माहीत नाही? की पंचशीला म्हणजे नुसती कटकट, आणि त्या बाईजवळ कसं छान—"

मी थांबले कारण ते काहीच बोलत नव्हते. माझं संपायची वाट बघत होते.

"झालं?" त्यांनी विचारलं. रागाने नाही.

मी मान हलवली.

"तिथे माझं वाक्य मलाच पुरं करावं लागतं," ते म्हणाले. "पहिल्या दिवशी एक वाक्य सुरू केलं आणि सवयीने थांबलो, की आता कोणीतरी पुढचं बोलेल. ती बोललीच नाही. ती बघतेय, मी बघतोय. मग मला माझंच हसायला आलं."

मी तोंड उघडलं.

"थांब," ते म्हणाले. हा शब्द त्यांनी मला याआधी कधी म्हटला नव्हता. "मी उज्जैनला पॉलिटेक्निकला होतो. दिवाळीला घरी महूला आलो. बाबा रिटायर होऊन साल झालं असेल. मी विचारलं, बाबा, कसे आहात? आई म्हणाली, बरे आहेत. मी विचारलं, तब्येत काय म्हणतेय? आई म्हणाली, गुडघा धरलाय त्यांचा. जेवताना, चहाला, सगळ्याला आईच. मी चार दिवस राहिलो. मग जायच्या दिवशी मी म्हणालो, आई, तू जरा गप्प बस. बाबा, तुम्ही सांगा."

ते थांबले. मी ओठ घट्ट मिटून घेतले.

"ते बोललेच नाहीत, शीला. नुसते माझ्याकडे बघत राहिले. आई म्हणाली, अहो बोला ना. तेव्हा आईच्या लक्षात आलं. त्यांचं बोलणं कधी बंद झालं ते तिला सांगताच येईना. तिचं तर रोजचं त्यांच्याशी बोलणं चालू होतं. सवाल पण तिचा, जवाब पण तिचा. डॉक्टर म्हणाले, आधी आणायला पाहिजे होतं, आता फार आत गेलंय. मग घरात सगळे म्हणायला लागले, शांत स्वभाव आहे."

अंगणात सुलोचनाच्या टीव्हीचा आवाज येत होता. मी सासऱ्यांना आठवायचा प्रयत्न केला. त्यांच्या पाया पडले होते, त्यांना वाढलं होतं, त्यांचे कपडे वाळत घातले होते, शेवटच्या आजारात त्यांच्या उशाशी बसले होते. मी त्यांचा आवाज कधीच ऐकला नव्हता. आणि ते माझ्या आज पहिल्यांदा लक्षात येत होतं.

"आईचं चुकलं असं नाही म्हणत मी," ते म्हणाले. "तिने मायेनेच केलं. पण मी बाबांवर गेलोय. जानेवारीत मी पण घरी बसणार. मी आतल्या आत बंद झालो तर तुला कळणार नाही. तू बोलत राहशील. म्हणून जातो मी. आता जातो, चालू आहे तोपर्यंत."

असं कसं, मला नक्की कळेल, हे वाक्य माझ्या जिभेवर आलं होतं. ते मी गिळलं, कारण ते खोटं होतं. मला जीरावनसुद्धा कळलं नव्हतं. मी अंगणाच्या पायरीवर बसले, चपलांसकट.

मग ते म्हणाले, "आता तू बोल."

"काय बोलू?"

"तुला कसं वाटतंय ते."

"मला ना, मानसीची फार—"

"मानसीचं नको."

"तुमचे गुडघे हल्ली—"

"माझं पण नको. तुझं सांग."

मी दिवसभर बोलणारी बाई. सगळ्या खानदानाच्या दुखण्याखुपण्यावर माझ्याकडे उत्तर तयार असतं. आणि त्या पायरीवर बसून मला स्वतःचं एक वाक्य सापडेना. हे घाई करत नव्हते. मधे बोलत नव्हते. मग जे होतं तेच बाहेर आलं, आणि माझा आवाज लहान पोरीसारखा निघाला.

"मला तिचा हेवा वाटतो. त्या बाईचा. दर गुरुवारी माझा जीव जळतो."

मला वाटलं, आता हसतील. कोणताही नवरा म्हणाला असता, पागल झालीस का, या वयात! हे हसले नाहीत. त्यांनी उघडा मिक्सर त्याच्या पेचांसकट बाजूला सरकवला, खुर्ची ओढून माझ्या समोर आणली, आणि म्हणाले, "आणि?"